दीड ते साडेतीन

लाटांच्या तलावाकडे बघत हे म्हणाले,
"एवढं पाणी कुठल्या लायनीवरचं असेल गं?"
मग स्वतःच म्हणाले, "टँकर असणार,"
आणि जबडा निखळेल अशी जांभई दिली.

दीड वाजला होता.

रोज पहाटे साडेतीनला
भांडुपच्या टेकडीखाली, रस्त्यातल्या झाकणात
छातीएवढी लोखंडी चावी घालून
हे पाच गल्ल्यांचं पाणी सोडतात.
पाणी आलं तर कुणी काही म्हणत नाही.
नाही आलं की चावीवाल्याच्या आईपासून सुरुवात.

आज साप्ताहिक सुट्टी.
पतपेढीच्या कूपनावर चार तिकिटं,
गोराईच्या धक्क्यावरून होडी
(होडीत दोन डुलक्या, एक माझ्या खांद्यावर,
एक शेजारच्या पाहुण्याच्या),
दोन घसरगुंड्या, एक भोवरा,
आणि आता शरीराने आपली वेळ सांगितली.

सुरूच्या रांगेमागे,
बंद पडलेल्या कुल्फीच्या गाडीशेजारी
मी चादर अंथरली. सोलापुरी,
एका कोपऱ्याला इस्त्रीचा डाग.
रखवालदार आला. "ताई, इथे झोपायला मनाई आहे."
म्हटलं, "झोपले नाहीत. पाठ टेकलीय."
हे घोरत होते.
तो जरा वेळ उभा राहिला,
मग बूट काढून पायरीवर बसला
आणि मोज्यांना वारा देऊ लागला.

केतकीने तिकिटाला तासांनी भागलं.
"आई, बाबा आत्तापर्यंत दीडशे रुपये झोपले."
पण म्हणाली ती हळूच.
आमच्याकडे दुपारी सगळं हळूच असतं.
दहा बाय बाराच्या खोलीत पोरं मुका कॅरम खेळतात,
स्ट्रायकर टिचकीने नाही, बोटाने ढकलत.
भांडण झालं तर वहीत लिहून भांडायचं;
"गाढव" या शब्दाचं शुद्धलेखन
हर्षूचं तिथेच पक्कं झालं.
शिट्टी होण्याआधी गॅस बंद करायचा क्षण
मला कुकरच्या श्वासावरून कळतो.

आणि इथे, चाळीस पावलांवर,
माणसं उंचावरून स्वतःला सोडून देत होती
आणि आख्खी खाडी ऐकेल असं किंचाळत होती.
हर्षू माझ्या कानाशी आला.
"आई, ह्यांच्या घरी दुपारी कुणीच झोपत नाही?"

काय सांगणार.
म्हटलं, "इथे ओरडलेलं चालतं."
"मोठ्याने?"
"मोठ्याने."
त्याने बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे,
मग रखवालदाराकडे. त्याने मान हलवली.

हर्षूने तोंड उघडलं,
आणि काहीच आलं नाही.
पाणी यायच्या आधी नळातून
नुसती हवा फुसफुसते ना, तसं.
केतकी हसली, तोंडावर हात ठेवून.
त्याने पुन्हा उघडलं. पुन्हा हवा.

तेवढ्यात हे कुशीवर वळले.
झोपेत उजवी मूठ आवळली,
मनगट फिरलं: एक आटा, दोन,
तिसऱ्याला जरा जोर लागतो, तिथे कपाळाला आठी,
आणि मग सैल.

मी काही जोडत नाही. जे झालं ते सांगते.
हर्षू ओरडला.
सुरूवरचे कावळे उडाले,
रखवालदाराचा एक मोजा खाली पडला,
केतकीने मागोमाग सूर लावला,
आणि दोघं हात धरून तशीच ओरडत
उंच पायऱ्यांकडे पळाली, चपला टाकून.

हे हललेसुद्धा नाहीत.
मी त्यांच्या पायाशी पाय लांब केले.
किती दिवसांनी दुपारी माझ्या हाताशी
गॅसचं बटण नव्हतं.

साडेतीनला पोरं आली, घसे बसलेले,
केसांतून पाणी गळत होतं.
ह्यांनी एक डोळा उघडला. "कोण ओरडत होतं?"
हर्षू म्हणाला, "कुणी नाही, बाबा,"
सवयीने, खुसपुसत.